पीसीसाठी व्हीआर हेडसेट निवडताय? बॉक्सवरचे आकडे ठेवा बाजूला, फ्रेम टाइम मोजा

दोन हेडसेटची तुलना करताना बहुतेक जण रेझोल्युशन, हर्ट्झ आणि किंमत समोरासमोर मांडतात आणि मोठा आकडा उचलतात. पीसीवर खेळायचं असेल तर हा हिशेब अर्धवट आहे. हेडसेट स्वतः गेम चालवत नाही, गेम चालवतो तुमचा पीसी. हेडसेट फक्त ठरवतो की सेकंदाला किती पिक्सेल मागायचे आणि ते डोळ्यांपर्यंत कोणत्या वाटेने न्यायचे. 'हेडसेट अडखळतो' अशी तक्रार आली की दोष बहुतेक वेळा मागणीत किंवा वाटेत असतो. म्हणून आधी घरच्या पीसीची ताकद मोजायची, मग वाट तपासायची आणि हेडसेट शेवटी निवडायचा.

आधी गणित

एक चित्र तयार करायला पीसीला लागणारा वेळ म्हणजे फ्रेम टाइम. ९० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं दाखवायची तर, प्रत्येक चित्रासाठी पीसीकडे ११.१ मिलिसेकंद असतात. ७२ हर्ट्झवर १३.९, ८० वर १२.५, १२० वर ८.३ आणि १४४ वर ६.९. या वेळेत चित्र तयार झालं नाही तर ते चुकतं. मॉनिटरवर एखादं चित्र चुकलं तर नजरेला हलका हिसका बसतो, पण डोक्याला लावलेल्या पडद्यावर तेच पोटात ढवळतं. म्हणून व्हीआरमध्ये सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) पाहून काही कळत नाही. 'सरासरी ८५ एफपीएस' म्हणजे बराच वेळ ९० आणि मधूनमधून ४५ असंही असू शकतं.

आता पिक्सेल. फुल एचडी मॉनिटरवर ६० हर्ट्झने खेळताना ग्राफिक्स कार्ड सेकंदाला साधारण १२ कोटी पिक्सेल रंगवतं, फोर-के मॉनिटरवर साधारण ५० कोटी. हेडसेटचे आकडे ९० हर्ट्झला, दोन्ही डोळे धरून, असे येतात:

- व्हॉल्व्ह इंडेक्स (२०१९): डोळ्यामागे १४४० × १६००, सेकंदाला सुमारे ४१ कोटी
- मेटा क्वेस्ट ३एस (२०२४): १८३२ × १९२०, सुमारे ६३ कोटी
- प्लेस्टेशन व्हीआर२ (२०२३): २००० × २०४०, सुमारे ७३ कोटी
- मेटा क्वेस्ट ३ (२०२३): २०६४ × २२०८, सुमारे ८२ कोटी

आणि हे फक्त पडद्यावरचे पिक्सेल झाले. भिंगामुळे चित्र फुगतं. ते सरळ दिसावं म्हणून सॉफ्टवेअर त्याला उलट वाकवतं आणि त्या वाकवण्यात मध्यभाग धूसर होऊ नये यासाठी मुळात मोठं चित्र काढावं लागतं. इंडेक्सच्या पडद्यावर १४४० × १६०० पिक्सेल असले तरी स्टीमव्हीआरमध्ये (पीसीवर व्हीआर गेम चालवणारं व्हॉल्व्हचं सॉफ्टवेअर) त्याचं १०० टक्के म्हणजे २०१६ × २२४०. दोन्ही बाजू १.४ पट, म्हणजे पिक्सेल जवळजवळ दुप्पट. इंडेक्सचा 'हलका' आकडाही त्यामुळे प्रत्यक्षात ८१ कोटींवर जातो. बॉक्स पाहून कार्डाचा अंदाज बांधणारे इथेच फसतात.

पायरी १: पीसी मोजून घ्या

हेडसेट अजून घेतला नसेल तर मित्राकडून कुठलाही जुना व्हीआर हेडसेट एका संध्याकाळपुरता मागून आणा. मोजमापाला तो पुरतो. स्टीमवर मिळणारं एफपीएसव्हीआर हे छोटं विकत साधन प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डाचा फ्रेम टाइम वेगवेगळा दाखवतं. पैसे घालायचे नसतील तर स्टीमव्हीआरच्या सेटिंगमधला परफॉर्मन्सचा आलेख चालू करा. क्वेस्ट पीसीला जोडणाऱ्या मेटाच्या लिंकवरून थेट मेटाच्या रनटाइमवर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या व्हीआर सॉफ्टवेअरवर, गेम चालत असेल तर ऑक्युलस डिबग टूल वापरायचं. प्रोग्रॅम फाइल्समध्ये ऑक्युलस, त्यात सपोर्ट, त्यात ऑक्युलस-डायग्नोस्टिक्स नावाचा फोल्डर असतो, तिथे ते सापडतं. त्यातला परफॉर्मन्स एचयूडी हेडसेटच्या आतच आकडे दाखवतो.

मोजण्यापूर्वी तीन गोष्टी बंद करायच्या.

पहिली, चित्र भरून काढणारी सोय. पीसी मागे पडला की मेटाचं एएसडब्ल्यू किंवा स्टीमव्हीआरचं मोशन स्मूदिंग गेमला निम्म्या वेगावर आणतं आणि मधली चित्रं स्वतः अंदाजाने बनवतं. खेळताना त्याचा उपयोग आहे, मोजताना ते आकडे झाकून टाकतं. मेटाच्या रनटाइमवर कंट्रोल आणि नंबरपॅडवरचा १ दाबला की एएसडब्ल्यू बंद होतं, ४ दाबला की परत स्वयंचलित. स्टीमव्हीआरमध्ये मोशन स्मूदिंग गेमनुसार बंद करता येतं. क्वेस्ट वाय-फायने पीसीला जोडणाऱ्या व्हर्च्युअल डेस्कटॉप अॅपमध्ये याच सोयीला एसएसडब्ल्यू म्हणतात, तेही बंद ठेवा.

दुसरी, स्टीमव्हीआरचं आपोआप ठरणारं रेझोल्युशन. ते तुमच्या कार्डाकडे बघून टक्केवारी स्वतः बदलतं. दोन हेडसेटना दोन वेगळ्या टक्केवारी मिळाल्या तर तुलनेला अर्थ राहत नाही. रेझोल्युशन 'कस्टम'वर टाका आणि डोळ्यामागे किती पिक्सेल येतात तो आकडा कागदावर लिहून ठेवा.

तिसरी, गेममधलं डायनॅमिक रेझोल्युशन. 'हाफ-लाइफ: अॅलिक्स' सगळ्यांकडे असतो म्हणून त्यावर चाचणी करायचा मोह होतो. हा गेम भार वाढला की स्वतःच चित्राचा दर्जा खाली आणतो. म्हणूनच तो ६ जीबीच्या जीटीएक्स १०६० या जुन्या कार्डावरही चालतो आणि म्हणूनच तुलनेसाठी तो कुचकामी आहे. बीट सेबरचंही तसंच, तो इतका हलका आहे की सगळेच हेडसेट पास होतात.

मग काय घ्यायचं? कार्डाचा कस पाहायला असेटो कोर्सा हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम चांगला. तोच ट्रॅक, त्याच गाड्या, तेच हवामान, आणि शक्यतो स्वतः न चालवता एकच रिप्ले. प्रोसेसरचा कस पाहायला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. गोव्यातला माणूस पहिलं उड्डाण दाबोळी विमानतळावरून करणार, ते साहजिक आहे. धावपट्टीवरून उठून झुवारीवरून पणजीकडे वळायचं, पाच मिनिटांत चाचणी होते. मात्र तेवढ्यावर थांबू नका. खाली समुद्र, नदी आणि माडांचं रान असलं की प्रोसेसरवर फारसा ताण येत नाही. तेच विमान न्यूयॉर्क किंवा लंडनवरून नेलं की इमारतींची गर्दी प्रोसेसरला घाम फोडते. दोन्ही चाचण्यांचे आकडे वेगळे लिहा.

पीसी नुकताच चालू केलेला नको, आधी दहा मिनिटं गेम चालू द्या. लॅपटॉपसाठी तर हे फारच महत्त्वाचं. एप्रिल-मेच्या उकाड्यात पंख्याखालचा लॅपटॉप पहिली पाच मिनिटं भरधाव धावतो, मग तापून कार्डाची वीज कमी करतो आणि फ्रेम टाइम वर चढतो. एसीतल्या खोलीतले आकडे आणि बाहेरच्या सोप्यावरचे आकडे एका तक्त्यात भरू नका. प्रत्येक चाचणी तीन वेळा घ्या, आणि सरासरीसोबत ९९ पर्सेंटाइलचा आकडाही टिपा, म्हणजे सगळ्यात वाईट एक टक्का चित्रांना किती वेळ लागला ते. पोटात ढवळतं ते या एक टक्क्यामुळे.

पायरी २: आकडे काय सांगतात

प्रोसेसरचा वेळ मर्यादेच्या वर असेल तर रेझोल्युशन कमी करून काहीही होणार नाही. लोक इथे तासन् तास स्लायडर हलवत बसतात. अशा वेळी दूरवरचं दृश्य, प्रतिस्पर्धी गाड्यांची संख्या, आरशातली प्रतिबिंबं आणि वाहतूक कमी करायची. व्हीआरचॅटमध्ये खोलीत माणसं वाढली की प्रोसेसरच गुदमरतो. तिथे दिसणाऱ्या अवतारांची संख्या आणि दर्जा मर्यादित करणं हाच उपाय.

कार्डाचा वेळ जास्त असेल तर मात्र सरळ हिशेब आहे. ९० हर्ट्झची मर्यादा ११.१, पण काठावर राहू नका, ९.५ ते १० च्या आसपास लक्ष्य ठेवा. समजा कार्डाला १४ मिलिसेकंद लागताहेत. ९.७ भागिले १४ म्हणजे ०.६९, तर स्टीमव्हीआरचा स्लायडर आत्ता आहे त्याच्या सत्तर टक्क्यांवर आणा आणि पुन्हा मोजा. पिक्सेल आणि वेळ अगदी समप्रमाणात नसतात, पण पहिल्या फेरीत बऱ्यापैकी जवळ पोचता.

यात एक खोच आहे. स्टीमव्हीआरचे टक्के एकूण पिक्सेलांचे असतात: १५० टक्के म्हणजे प्रत्येक बाजू साधारण १.२२ पट. ऑक्युलस डिबग टूलमधला पिक्सेल घनतेचा गुणक मात्र बाजूचा असतो, तिथे १.२ लिहिलं की पिक्सेल १.४४ पट होतात. शिवाय मेटाच्या पीसी अॅपमध्ये स्वतःचा रेझोल्युशन स्लायडर आहे आणि त्यावर जे ठरेल तेच स्टीमव्हीआर १०० टक्के समजतं. तिन्ही ठिकाणी 'थोडं थोडं' वाढवलं तर गुणाकार होऊन आरटीएक्स ४०८० सारखं दणकट कार्ड सुद्धा लोळण घेतं. एक स्लायडर ठरवा, बाकीचे मूळ जागेवर ठेवा.

कार्डाची मेमरीही पाहा. ८ जीबी मेमरीचं कार्ड बहुतेक व्हीआर गेमना पुरतं. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरचे बारकावे) वरच्या पातळीवर ठेवले तर ते भरतं, आणि भरलं की फ्रेम टाइम हळूहळू नाही, एकदम उसळतो. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की हा त्रास बहुधा जातो.

पायरी ३: वाट तपासा: डिस्प्लेपोर्ट, केबल की वाय-फाय

हेडसेटांमधला खरा फरक इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

इंडेक्स आणि प्लेस्टेशन व्हीआर२ ग्राफिक्स कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला थेट जोडले जातात. चित्र दाबलं जात नाही, उशीर कमी, अंधारातले बारकावे शाबूत. क्वेस्टमध्ये चित्र आधी व्हिडिओसारखं दाबलं जातं, केबलने किंवा हवेतून जातं आणि हेडसेटमधली चिप ते उलगडते. या प्रवासाला वेळ लागतो, आणि दाटीवाटीचं चित्र आलं, म्हणजे पाऊस, गवत, झाडी, की दाबण्याच्या खुणा दिसतात. रेसिंगमध्ये दूरच्या झाडांवर ते लगेच जाणवतं. पोकर किंवा टेबल टेनिस खेळणाऱ्याला कधी कळणारही नाही.

केबलने क्वेस्ट. ५ मीटरची यूएसबी ३ केबल घ्या. मेटाच्या पीसी अॅपमध्ये केबलची चाचणी आहे. आकडा २ जीबीपीएसच्या वर हवा. ४८० एमबीपीएसच्या खाली दिसत असेल तर केबल यूएसबी २ ची आहे किंवा तुम्ही चुकीच्या पोर्टात लावली आहे. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात न लावता मागे मदरबोर्डवर लावा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, नाहीतर अर्ध्या खेळात जोडणी तुटते. केबल लावली म्हणजे बॅटरी भरत राहील असं समजू नका. साधं यूएसबी ३ पोर्ट ४.५ वॅट देतं आणि हेडसेट त्याहून जास्त खातो, त्यामुळे बॅटरी सावकाश का होईना उतरतच जाते. टाइप-सी पोर्ट १५ वॅट देणारं असेल तर ते वापरा.

वाय-फायने क्वेस्ट. मेटाचं एअर लिंक आणि व्हॉल्व्हचं स्टीम लिंक फुकट आहेत, व्हर्च्युअल डेस्कटॉप विकत घ्यावं लागतं. विकत घेण्यासारखं आहे, कारण त्यातला परफॉर्मन्स पट्टा उशिराचे भाग वेगळे करून दाखवतो: गेम, एन्कोडिंग (चित्र दाबणं), नेटवर्क, डीकोडिंग (ते उलगडणं). नेटवर्कचा आकडा १० मिलिसेकंदांच्या आत आणि एकूण ५० च्या आसपास असेल तर गाडी रुळावर आहे. नेटवर्क उड्या मारत असेल तर दोष राउटरकडे, डीकोडिंग वाढलं असेल तर बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायची माहिती, खाली आणा.

पीसी राउटरला लॅन केबलने जोडलेला हवा, वाय-फायने अजिबात नको. पीसी आणि हेडसेट दोघेही हवेतून बोलले तर एकच वाट दोनदा वापरली जाते. राउटरवर ५ गीगाहर्ट्झ, ८० मेगाहर्ट्झ रुंदी आणि चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतलं एक निवडा. मधली चॅनेलं रडारशी वाटून घेतलेली असतात. रडारचा संकेत कानावर पडला की राउटरला ती सोडून दुसरीकडे जावं लागतं, आणि त्या क्षणी तुमचा खेळ थांबतो. वास्को-चिखलीकडे, विमानतळ आणि बंदराच्या आसपास राहणाऱ्यांनी तर त्यांच्या वाटेलाच जाऊ नये. वाय-फाय ६ चा राउटर असेल तर हेडसेटच्या वाय-फाय माहितीत १२०० एमबीपीएसची जोडणी दिसायला हवी, वाय-फाय ५ असेल तर ८६६.

गोव्यातल्या घरांची गोष्ट वेगळी आहे ती भिंतींमुळे. चिऱ्याची जाड भिंत ५ गीगाहर्ट्झ जवळजवळ गिळून टाकते. हॉलमध्ये राउटर आणि आतल्या खोलीत खेळ असा बेत जुन्या घरात चालत नाही, कितीही महागडा राउटर आणा. मेश (घरभर ठेवायचे वाय-फायचे अनेक डबे) लावून उपयोग नाही, कारण त्याचे डबे आपसात हवेतून बोलतात आणि उशीर वाढतो. इंटरनेटचा राउटर आहे तिथेच राहू द्या. खेळायच्या खोलीत एक दुसरा साधा वाय-फाय ६ राउटर ठेवा, पीसीला त्याची लॅन केबल द्या आणि त्या वाय-फायवर हेडसेटशिवाय कोणालाही घेऊ नका. घरातल्या मंडळींचे मोबाइल तिथे आले की संध्याकाळच्या मालिकांसोबत तुमचा फ्रेम टाइमही रडायला लागतो.

एन्कोडिंगसाठी: आरटीएक्स ४० मालिका आणि आरएक्स ७००० मालिकेतली कार्डं एव्ही१ या पद्धतीने चित्र दाबू शकतात, आणि क्वेस्ट ३ व ३एस ते उलगडू शकतात. क्वेस्ट २ ला ते जमत नाही, तिथे एचईव्हीसी किंवा एच.२६४ वापरा. व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये एव्ही१ आणि एचईव्हीसी २०० एमबीपीएसपर्यंत जातात. दीडशेपासून सुरू करून वर न्या. केबलसाठी डिबग टूलमध्ये बिटरेटचा मोठा आकडा घातला असेल तर एअर लिंक वापरण्याआधी तो शून्य करा. तसाच राहिला तर हवेतली जोडणी कोलमडते आणि लोक बिचाऱ्या राउटरला दोष देतात.

डिस्प्लेपोर्टवाले. प्लेस्टेशन व्हीआर२ पीसीला लावायला सोनीचा वेगळा अॅडॉप्टर लागतो, तो ऑगस्ट २०२४ मध्ये आला. डिस्प्लेपोर्ट १.४ ची केबल त्यात येत नाही, वेगळी घ्या, आणि १.४ चीच घ्या, स्वस्तातली जुनी केबल लावली तर पडदा काळा राहतो. कंट्रोलर ब्लूटूथवर चालतात. डेस्कटॉपच्या मागे वाय-फायचा अँटेना बसवलेला नसेल तर ब्लूटूथही लुळं पडतं आणि हात हवेत घसरतात. वेगळा ब्लूटूथ डोंगल असेल तर छोट्या यूएसबी एक्स्टेंशनने तो कॅबिनेटच्या पत्र्यापासून दूर, समोर आणा. पीसीवर या हेडसेटचा एचडीआर, नजरेचा माग आणि डोक्यावरची थरथर चालत नाही हे आधीच समजून घ्या.

लॅपटॉपवाल्यांनी अजून एक गोष्ट पाहावी. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपवर फक्त एचडीएमआय असतं, आणि टाइप-सीमधून निघणारं डिस्प्लेपोर्ट कधीकधी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेलं असतं, मोठ्या कार्डाला नाही. एचडीएमआयवरून डिस्प्लेपोर्टचा साधा कन्व्हर्टर इथे कामाला येत नाही. अशा लॅपटॉपला क्वेस्ट हाच सोयीचा मार्ग, कारण त्याला डिस्प्लेपोर्ट लागतच नाही.

पायरी ४: आता हेडसेट समोरासमोर

दोन चाचण्या करा. पहिलीत दोन्ही हेडसेटना डोळ्यामागे सारखेच पिक्सेल द्या, समजा २००० × २२०० च्या जवळपास, आणि दोन्ही ९० हर्ट्झवर ठेवा. फ्रेम टाइममध्ये जो फरक उरेल तो वाटेचा आणि रनटाइमचा खर्च. दुसरीत प्रत्येकाला त्याच्या मूळ १०० टक्क्यांवर चालवा. यातून कळतं की घरी आणल्यावर तुमचं कार्ड कुठे उभं राहील. बहुतेक व्हिडिओंमध्ये फक्त दुसरी चाचणी दाखवतात आणि 'हा हेडसेट जड आहे' असा निकाल देतात.

आमचं मत विचाराल तर असं.

मध्यम कार्ड, म्हणजे आरटीएक्स ३०६० किंवा लॅपटॉपमधलं ४०६०, आणि खेळ मुख्यतः उभ्याने: क्वेस्ट ३एस. पिक्सेल कमी मागतो आणि ७२ हर्ट्झवर उतरायची सोय आहे. हा ७२ चा पर्याय लोक हलक्यात घेतात. इंडेक्स ८० च्या खाली उतरत नाही, प्लेस्टेशन व्हीआर२ ९० च्या खाली नाही. कार्ड धापा टाकत असेल तर १३.९ मिलिसेकंदांची मोकळीक मोठी असते. ३एसची उणीव भिंगात आहे: फ्रेनेल भिंगं, मधोमध स्पष्ट आणि कडेला पसरट. डोळ्यांतलं अंतरही फक्त ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खाचांत बसतं. चष्म्याच्या दुकानात हे अंतर दोन मिनिटांत मोजून देतात. तुमचं ६०.५ किंवा ६५.५ आलं तर ३एस घेण्यापूर्वी डोक्याला लावून पाहाच.

सिम्युलेटर खेळणारे, डॅशबोर्डवरचे बारीक आकडे वाचायचे आहेत आणि कार्ड दणकट आहे: क्वेस्ट ३. पॅनकेक भिंगांमुळे चित्र कडेपर्यंत वाचता येतं, मान न हलवता डोळे फिरवून आरसा बघता येतो. भिंगांतलं अंतर ५८ ते ७१ मिलिमीटरपर्यंत चाकाने फिरवता येतं. काळा रंग मात्र करडा दिसतो, कारण पडदा एलसीडी आहे.

रात्रीचे, अंधारातले, भीतीचे खेळ, आणि एका जागी बसून: प्लेस्टेशन व्हीआर२. ओएलईडीचा काळा तो काळाच. भिंगाचा स्पष्ट भाग लहान आहे, हेडसेट डोक्यावर दोन मिलिमीटर सरकला तरी धूसर होतं. पहिल्या दिवशी पट्टा नीट बसवण्यात वेळ घाला, ते फुकट जात नाही.

इंडेक्स आज नव्याने घ्यावा असं वाटत नाही. कंट्रोलर आणि आवाज अजूनही उत्तम, १४४ हर्ट्झही आहे, पण ८०९ ग्रॅम वजन, हेडसेट आणि हातांची जागा ओळखण्यासाठी भिंतीवर उंच लावायची बेस स्टेशनं आणि त्यांना दोन वेगळे प्लग. समोर काचेचं कपाट किंवा काचेच्या चौकटीतल्या तसबिरी असतील तर बेस स्टेशनचे किरण परावर्तित होऊन हात थरथरतात.

पायरी ५: खोली

क्वेस्टचे कॅमेरे खोली बघून आपली जागा ठरवतात. अंधार नको आणि थेट ऊनही नको. कोऱ्या पांढऱ्या भिंतींच्या रिकाम्या खोलीत त्यांना धरायला काही सापडत नाही, एखादं कॅलेंडर लावलं तरी फरक पडतो. सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. कंट्रोलरवर अवरक्त दिवे असतात आणि कॅमेरे ते शोधतात. त्यामुळे देवघरातली एलईडीची माळ किंवा नाताळात खिडकीत लावलेलं नक्षत्र पेटलेलं असलं की हात मध्येच उडी मारतो. खेळताना ते बंद करा.

फ्लॅटमध्ये स्लॅब नऊ फुटांवर आणि पंख्याची पाती त्याच्या फूटभर खाली. हात वर करून कंट्रोलर फिरवला की तो तिथेच पोचतो. पंखा बंद करा आणि समोर टेबल फॅन ठेवा. वाऱ्यावरून तोंड कुठे आहे तेही कळतं. चवथीच्या दिवसांत माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट) बांधलेल्या खोलीत उभ्याने खेळायचा विचारही नको. सुपारीचा घोस तुटून खाली आला तर आजी हेडसेटसकट तुम्हाला बाहेर काढेल.

वीज, दमट हवा, ऊन

पावसाळ्यात झाड तारांवर पडलं की वीज जाते, कधी क्षणभर, कधी तासभर. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. गेम चालू असताना मोठं कार्ड एकटंच २०० वॅटच्या वर ओढतं, तेव्हा असा यूपीएस वीज जाताच ओरडून बंद पडतो. १००० व्हीएच्या खाली घेऊ नका. राउटरलाही बॅकअप द्या, कारण पीसी चालू आणि राउटर बंद म्हणजे तुम्ही खोलीच्या मधोमध काळोखात उभे.

भिंगांचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. जून ते सप्टेंबर हेडसेट कपाटात ठेवला तर कॅमेऱ्याच्या भिंगांसारखी बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात १०० ते २०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. फेस असलेला भाग आधी पंख्याखाली वाळवून मगच डब्यात घाला, नाहीतर घामाचा ओलावा आतच कोंडतो. भिंगं कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा, स्पिरिट किंवा कोलोन लावू नका. एसीतून काढलेला थंड हेडसेट तोंडाला लावला की धुकं धरतं. पाच मिनिटं आधी चालू करून ठेवा, तो स्वतःच गरम होतो. किनाऱ्यालगत, कळंगूट-कोलव्याकडे, खारी हवा यूएसबी पोर्टच्या पिना खाते. वापर नसताना पोर्टला रबरी बूच लावा.

आणि हेडसेट बलकावात (घरापुढच्या ओसरीत) उताणा ठेवू नका. भिंगं सूर्याचे किरण थेट पडद्यावर गोळा करतात, काही सेकंदांत पिवळा डाग पडतो. तो कुठल्याही वॉरंटीत बसत नाही.

जुना घेत असाल तर

एचपी रिव्हर्ब जी२ जाहिरातींत स्वस्तात दिसतो आणि २१६० × २१६० चा आकडा भुलवतो. तो विंडोज मिक्स्ड रिअॅलिटीवर चालतो, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती सोयच काढून टाकली. पीसी जुन्या आवृत्तीवर अडकवून ठेवायची तयारी नसेल तर सोडून द्या.

इतर हेडसेटसाठी, विकणाऱ्याच्या घरी जाऊन या क्रमाने पाहा: पूर्ण पांढरं चित्र लावून पिवळे डाग आणि मृत पिक्सेल, पूर्ण काळं लावून ओएलईडीवर सावल्या, भिंगांवर चष्म्याचे ओरखडे, कंट्रोलरची काठी सोडल्यावर पात्र आपोआप सरकतं का, यूएसबी पोर्टमध्ये केबल हलवल्यावर जोडणी तुटते का. क्वेस्ट असेल तर विकणाऱ्याचं खातं काढून फॅक्टरी रीसेट करून घ्या, आणि तुमच्या खात्याने तो सुरू झालेला बघूनच पैसे द्या. परदेशातून आणलेला असेल तर भारतात वॉरंटी कोण देतं ते बिलावर वाचा. बिल नसेल तर वॉरंटी नाही असं धरूनच किंमत ठरवा.